तोंडातले फोड, चट्टे आणि गळवं: आधी बघा, मग लावा

तोंडात काही उठलं की आपल्याकडचा क्रम ठरलेला असतो. आधी मेडिकलमधून जेल, मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, मग कुणीतरी सुचवलेला पाला, आणि सगळं करून थकल्यावर दवाखाना. तोपर्यंत फोड नेमका कुठे होता, कधी उठला, कसा दिसत होता, यातलं काहीच सांगता येत नाही. ‘उष्णता झालीय’ एवढंच उत्तर मिळतं. खानापूर, चिकोडी, निपाणीकडून बेळगावला येणाऱ्या कितीतरी पेशंटची हीच गत आहे, म्हणून हा लेख पायऱ्यांनी लिहिला आहे. क्रम मोडू नका. विशेषतः पहिल्या चार पायऱ्या पूर्ण होईपर्यंत तोंडात काहीही लावू नका.

या पायऱ्यांसाठी थांबायचंच नाही, असे प्रसंग

जिभेखाली किंवा हनुवटीखाली टणक सूज येऊन जीभ वर उचलली जाणं. थुंकी गिळता न येणं, लाळ बाहेर गळणं. आवाज घोगरा होणं, श्वास घ्यायला त्रास. दाढेची सूज डोळ्यापर्यंत चढणं. ताप आणि जबडा उघडता न येणं, दोन्ही एकत्र. लहान मूल पाणीही घेत नाही आणि सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठं हॉस्पिटल गाठा. दाढेचा पू मानेत उतरला की काही तासांत श्वासनलिका दाबली जाऊ शकते. ‘सकाळी बघू’ म्हणण्याची ही वेळ नव्हे.

## १. तयारी

खिडकीजवळचा दिवसाचा उजेड आणि मोबाईलची टॉर्च, दोन्ही हवेत. हाताशी ठेवायचं सामान: आरसा, स्टीलचा स्वच्छ चमचा, मेडिकलमधला गॉज किंवा धुतलेल्या मऊ सुती कापडाचे दोन तुकडे, कागद आणि पेन.

हात साबणाने धुवा. कवळी असेल तर काढून ठेवा. साध्या पाण्याने दोन-तीन खळखळून चुळा भरा. मशेरी लावणाऱ्यांनी लावायच्या आधी बघावं, पान-मावा खाणाऱ्यांनी तोंड पूर्ण साफ करून. दुसऱ्याचं तोंड बघणार असाल आणि पाण्याचे फोड दिसत असतील तर हातमोजे घाला. हातमोजे नसतील तर बोट न लावता चमच्यानेच काम भागवा.

नेहमीची चूक: बघण्याआधी बधिर करणारं जेल लावणं. मग दुखतं कुठे हेच कळत नाही, आणि जेलचा पांढरा थर चट्ट्यासारखा दिसतो.

## २. बघण्याचा क्रम

बाहेरून आत जायचं, आणि दरवेळी याच क्रमाने.

ओठ बाहेरून, मग उलटून आतून. दोन्ही गाल चमच्याने बाहेर ओढून. हिरड्या, वरच्या आणि खालच्या, पुढून आणि मागून. मग जीभ बाहेर काढून वरचा भाग. त्यानंतर कापडाच्या तुकड्यात जिभेचं टोक धरून ती एका बाजूला ओढा आणि जिभेची कड अगदी मागपर्यंत बघा. मग दुसरी बाजू. जीभ टाळूला लावायला सांगून जिभेखालचा भाग. शेवटी मान मागे टाकून टाळू आणि घसा.

जिभेची मागची कड आणि जिभेखालची जागा घरात कुणीच बघत नाही. आरशासमोर ‘आ’ केलं की या दोन्ही जागा दिसतच नाहीत. तंबाखू खाणाऱ्यांत गंभीर दुखणी ज्या जागी सापडतात त्यांत या दोन आहेत, आणि तिसरी म्हणजे गाल आणि हिरडीमधली खोबण, जिथे तंबाखूची गोळी बसते. एक फोड सापडला म्हणून थांबू नका. पूर्ण फेरी करा.

शेवटी दोन्ही हातांच्या बोटांनी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना गाठ लागते का चाचपा. दुखणारी, हलणारी गाठ बहुधा जवळच्या जंतुसंसर्गाची असते. न दुखणारी, टणक, जागची न हलणारी गाठ लगेच दाखवायची.

इथे उलटी चूकही होते, ती म्हणजे निरोगी गोष्टीला आजार समजणं. जिभेच्या अगदी मागे मोठ्या पुळ्यांची एक रांग प्रत्येकाला असते. गालाच्या आत पिवळट बारीक दाणे, दातांच्या रेषेत पांढरी आडवी रेघ, टाळूच्या मधोमध हाडाचा टणक उंचवटा, हेही नेहमीचं आहे. जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे येतात आणि जागा बदलतात, त्यानेही घाबरायचं कारण नाही. खात्री नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाचं तोंड बघून ताडून पाहा.

## ३. तारीख, जागा, आकार

कागदावर तीन ओळी लिहा: आजची तारीख, पहिल्यांदा जाणवलं ती तारीख, आणि नेमकी जागा, उदाहरणार्थ ‘उजवा गाल, खालच्या शेवटच्या दाढेसमोर’. आकार तांदूळ, मसूर, शेंगदाणा अशा मापात लिहिला तरी चालतो. मोबाईलवर एक फोटो काढा, तोच चमचा शेजारी ठेवून, म्हणजे पुढच्या फोटोशी तुलना होते.

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. पण पुढचा सगळा निर्णय या तारखेवर उभा आहे.

## ४. पुसून, दाबून, उघडून

पुसणं. पांढरं काही दिसलं तर गॉज बोटाला गुंडाळून हलकेच पुसा. दह्यासारखं निघून आलं आणि खाली लाल जागा दिसली किंवा किंचित रक्त आलं, तर ती बहुधा बुरशी. निघालं नाही तर तो चट्टा आहे, आणि त्याचा रस्ता वेगळा.

निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या एका मावशींच्या खालच्या ओठाआड पांढुरकं काही होतं. ‘मशेरी राहिली असंल,’ असं त्या म्हणत होत्या. पहिल्यांदा पुसल्यावर गॉज तपकिरी झाला, म्हणजे मशेरी होतीच. दुसऱ्यांदा पुसल्यावर गॉज कोरा राहिला आणि पांढरी, सुरकुतलेली जागा तशीच दिसत राहिली. बोट रोज जिथे घासायचं, बरोबर तेवढीच जागा. एकदाच पुसून सोडलं असतं तर मशेरीवरच भागलं असतं. म्हणून नेहमी दोनदा पुसा.

दाबणं. फोडाची कड बोटाने दाबून बघा. मऊ आणि झोंबणारी असेल तर काळजी कमी. कड उंच, टणक, हाताला खरखरीत लागणारी आणि तरीही न दुखणारी असेल तर उशीर करू नका. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा समज या भागात फार पक्का बसला आहे आणि त्याने फार नुकसान केलं आहे. कर्करोगाची सुरुवातीची जखम पुष्कळदा दुखत नाही.

उघडणं. तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत जातात का बघा. दोनच जात असतील, गाल आतून चामड्यासारखे ताठ लागत असतील आणि आजवर चालणारी संकेश्वरी मिरचीची चटणी आता जिभेला लागताच आग होत असेल, तर ते सुपारीचं दुखणं आहे. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तंबाखू न खाणाऱ्या, ‘नुसती सुपारी’ चघळणाऱ्या पोरांनाही ते होतं. कर्नाटकात २०१३ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, मावा आणि वेगवेगळ्या पुड्यांतला मसाला-तंबाखू टपरीवर मिळतोच. ताठ झालेला गाल पुन्हा पहिल्यासारखा मऊ होत नाही. सुपारी थांबवली तर पुढचं ताठणं रोखता येतं, म्हणून लवकर दाखवायचं.

## ५. आता ठरवा: हे कशात बसतं?

छोटे गोल फोड. मधे पिवळट-पांढरे, कडेला लाल, ओठाच्या किंवा गालाच्या आतल्या मऊ भागात, भयंकर झोंबणारे. साधं ‘तोंड येणं’ ते हेच. हा संसर्ग नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. सात ते चौदा दिवसांत आपोआप भरतो. महिन्या-दोन महिन्यांनी सारखे येत असतील तर हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. नुसत्या बी-कॉम्प्लेक्सने लोहाची कमतरता भरून निघत नाही.

दात टोचून झालेली जखम. तुटलेली दाढ, कवळीची कड किंवा तार जिथे लागते, बरोबर तिथेच. आधी तो दात किंवा कवळी घासून घ्यावी लागते. जखमेवर मलम लावत बसून उपयोग नाही. कारण काढल्यावरही दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर तिला ‘दाताची’ म्हणणं सोडायचं.

पाण्याचे फोड. ओठाच्या कडेला आधी मुंग्या, मग झुबक्याने बारीक फोड, मग खपली: हा हर्पीसचा विषाणू. हा लागट आहे. लहान मुलांत पहिल्यांदा होतो तेव्हा ताप, सुजलेल्या लाल हिरड्या आणि तोंडभर फोड असा जोरात येतो. तोंडाबरोबर तळहात-तळपायांवरही फोड असतील तर ते हात-पाय-तोंडाचं विषाणूजन्य दुखणं. अंगणवाडीच्या वयात हे जास्त दिसतं आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत उतरतं. टाळूवर आणि चेहऱ्यावर फक्त एकाच बाजूला, मधल्या रेषेवर थांबलेले, जळणारे फोड म्हणजे नागीण. तिच्यावर काव किंवा गेरू फासत बसू नका. विषाणूवरचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर खरा फायदा. नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

पुसून निघणारं पांढरं. बुरशी. तान्ह्या बाळात, रात्री कवळी न काढणाऱ्यांत, साखर वाढलेल्यांत, दम्याचा स्टेरॉइड पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांत, अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झालेल्यांत. यातलं एकही कारण नसताना धडधाकट माणसाच्या तोंडात बुरशी आली तर साखरेबरोबर एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

न निघणारा पांढरा, लाल किंवा मिश्र चट्टा. घरी काहीही करू नका. सरळ पायरी ८. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा असतो, आणि लोक नेमका तोच ‘भाजलंय’ म्हणून सोडतात.

दाढेजवळची सूज, पू, ठणका. गळू. हिरडीवर पुळी येऊन फुटली आणि ठणका थांबला म्हणजे बरं झालं असं नव्हे, पूने फक्त वाट काढली. कानाखाली, जबड्याच्या कोनावर मऊ सूज आणि ताप, पण दात ठीक, असं असेल तर ते गालगुंड असू शकतं. त्यात दाढ काढून काही होत नाही.

हिरडीचं टोक झडल्यासारखं, घाण वास, लगेच रक्त. तीव्र जंतुसंसर्ग. दोन दिवसांत दातांचा डॉक्टर.

एकटीच, न दुखणारी जखम ओठावर किंवा जिभेवर बरेच दिवस असेल तर सिफिलिस आणि क्षयरोगही डॉक्टर तपासतात. घरी त्याचा अंदाज बांधू नका.

## ६. पहिल्या आठवड्यात घरी काय करायचं

एक ग्लास कोमट पाणी, त्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर. मऊ ब्रशने दात घासणं चालू ठेवा. दुखतं म्हणून घासणं सोडलं की जंतू वाढतात आणि दुखणं लांबतं. ठेचा, तांबडा रस्सा, गरम चहा, कडक भाकरी बंद. गार अंबील, ताक-भात, दूध-भाकरी कुस्करून, केळं चालेल. दुखण्यावर पॅरासिटामॉल, वयाप्रमाणे. लहान मुलांना पाणी थोडं थोडं पण सारखं. त्यांनी जेवण सोडलं तर दोन दिवस निभावतं, पाणी सोडलं तर निभावत नाही.

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश घेत असाल तर पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास जाऊ द्या, आणि दोन आठवड्यांपलीकडे स्वतःच्या मनाने चालवू नका. दात तपकिरी पडतात, चव जाते.

लागट फोड असतील तर ग्लास, चमचा, टॉवेल वेगळा. फोडाला लागलेला हात डोळ्याला लावू नका. ओठावर हर्पीस असताना तान्ह्या बाळाचा मुका कुणीही घेऊ नये, आजीनेसुद्धा. मुलाला ताप उतरून फोड सुकेपर्यंत अंगणवाडीत पाठवू नका.

हे करू नका:

- दाढेवर ॲस्पिरिन किंवा दुखण्याची गोळी ठेवणं. हिरडी भाजून पांढरी पडते आणि एका जखमेच्या दोन होतात. लवंगेचं तेल थेट फोडावर ओतण्यानेही तेच.
- चुना-हळद, तुरटीची पूड फोडावर दाबणं. जाईचा पाला चावल्याने बिघडत नाही, पण त्यावर आठवडे घालवू नका.
- बाळाच्या जिभेला टाकणखार आणि मध लावणं. टाकणखार विषारी ठरू शकतो, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो.
- घरात उरलेलं स्टेरॉइडचं मलम पाण्याच्या फोडांवर किंवा बुरशीवर. दोन्ही चिघळतात.
- मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या. साध्या फोडावर त्यांचा उपयोग नाही, आणि गळू त्याने फक्त दबतं.
- गालाच्या सुजेला बाहेरून शेकणं, सुईने गळू फोडणं.

## ७. चौदा दिवसांचा हिशोब

तिसऱ्या दिवशी: ताप, वाढती सूज किंवा पाणी न पिणं असेल तर दवाखाना. नसेल तर चालू ठेवा.

सातव्या दिवशी: पहिला फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवा. लहान होत असेल तर ठीक.

चौदाव्या दिवशी: जागा पूर्ण भरलेली हवी. थोडी जरी उरली, तरी दाखवायची. मधे एक दिवस बरं वाटलं म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. लोक इथेच फसतात. दर आठवड्याला नवं जेल, आणि दर जेलबरोबर ‘बघू आणखी आठ दिवस’. तारीख जखमेची मोजायची, औषधाची नाही.

तंबाखू, मशेरी, मावा, सुपारी यांपैकी काही चालू असेल आणि चट्टा पुसून निघत नसेल तर हे चौदा दिवससुद्धा थांबू नका.

## ८. दवाखान्यात जाताना

बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा रुग्णालय आहे. केएलईचं डेंटल कॉलेज नेहरूनगरला आहे, आणि मराठा मंडळाचंही डेंटल कॉलेज शहरातच आहे. डेंटल कॉलेजमध्ये खासगीपेक्षा खर्च कमी येतो. केस पेपर काढताना ‘दात काढायचाय’ असं सांगू नका. ‘तोंडातली जखम दाखवायचीय, ओरल मेडिसिन’ असं सांगा; ओरल मेडिसिन म्हणजे तोंडाच्या आजारांचा विभाग. सकाळी लवकर पोहोचा. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर सोयीचं पडत असेल तर तिकडे जा, पण अर्धी तपासणी इथे आणि अर्धी तिथे असं करू नका.

सोबत न्यायचं: तारखांचा कागद, फोटो, चालू गोळ्यांची पाकिटं, पंप, कवळी, साखरेचा शेवटचा रिपोर्ट, आधार आणि रेशन कार्ड. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बसवायचं असेल तर सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते का, हे मोठ्या उपचाराआधीच विचारून घ्या.

डॉक्टर बहुतेकदा मराठी समजून घेतात, पण काउंटरवर किंवा शिकाऊ डॉक्टरांशी अडलं तर एवढं कन्नड पुरतं: ‘बायि हुण्णु’ म्हणजे तोंडातली जखम, ‘बावु बंदिदे’ सूज आलीय, ‘नुंगलु आगुत्तिल्ल’ गिळता येत नाही, ‘एरडु वार आयितु’ दोन आठवडे झाले.

तंबाखूबद्दल खरं सांगा. सासू किंवा सून शेजारी असेल म्हणून मशेरी लपवणाऱ्या बायका पुष्कळ. तसं असेल तर डॉक्टरांना एकटीशी बोलायचंय असं सांगा, ते ऐकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि संधिवातावरची मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती आठवणीने सांगा. मेथोट्रेक्सेटने स्वतःच तोंडात फोड येतात.

बायोप्सी सांगितली तर करून घ्या. ‘तुकडा काढला की पसरतं’ या भीतीने केस पेपर खिशात घालून परतलेली माणसं सहा महिन्यांनी मानेत गाठ घेऊन येतात. बायोप्सीने कर्करोग पसरत नाही. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात, एक-दोन टाके पडतात, त्याच दिवशी घरी जाता येतं. रिपोर्ट कधी मिळेल आणि कुणाला दाखवायचा, हे तिथेच कागदावर लिहून घ्या.

## ९. तपासणीनंतर

बुरशीचं औषध चट्टे दिसेनासे झाले तरी सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायचं. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची; नाहीतर महिन्याभरात बुरशी परत. बाळाला बुरशी असेल तर आईच्या स्तनाग्रांवरही उपचार लागू शकतो, ते विचारा. पंप ओढल्यावर दरवेळी चूळ.

गळवाचा ठणका गोळ्यांनी थांबला की लोक फिरकत नाहीत. दात तसाच असेल तर पू परत होणारच. रूट कॅनाल करा किंवा दात काढा, पण गोळ्या संपायच्या आत तारीख घ्या.

चट्ट्याच्या रिपोर्टमध्ये ‘डिस्प्लेसिया’ हा शब्द असेल तर तो कर्करोग नव्हे, पण पेशी बदलायला लागल्या आहेत. किती प्रमाणात, आणि चट्टा काढायचा की ठरावीक महिन्यांनी बघत राहायचं, हे दोन प्रश्न विचारा. रिपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा. सांगितलेल्या तारखेला काही त्रास नसतानाही जा.

तंबाखू-सुपारी सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर समुपदेशन मिळतं. मशेरी सोडताना पहिल्या काही दिवसांत चिडचिड, पोट साफ न होणं, हिरड्या शिवशिवणं होतं. ते तात्पुरतं असतं. त्या दिवसांत ‘फक्त दात घासायला’ म्हणून चिमूटभरही घेऊ नका, आणि डबी घरातून बाहेर काढा.